न मागता मिळालेले नागरिकत्व

परक्या देशात स्थायिक झालेला मनुष्य तेथील नागरिक होतो तेव्हा तो अर्ज करतो, वास्तव्याची वर्षे मोजतो, निष्ठेची शपथ घेतो. आम्हां गोमंतकीयांच्या बाबतीत निराळेच घडले. घर, कुळागर, देऊळ सारे जागच्या जागी राहिले आणि देश बदलला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, ज्याचा स्वतःचा अथवा आईबापांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या भूमीत झाला होता, तो त्या तारखेपासून भारतीय नागरिक मानला गेला. ज्याला पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखायचे होते, त्याला लेखी निवेदनासाठी एक महिन्याची मुदत होती.

ती संधी घेणारे एक धर्मगुरू, मॉन्सिन्योर सेबास्तियांव मोंतेरो, गोव्यातच राहिले. परदेशी व्यक्ती म्हणून परवान्याची मुदत संपल्यावर त्यांच्यावर खटला झाला. जिनिव्हा कराराचे संरक्षण त्यांनी मागितले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. गोवा भारतात पूर्णतः विलीन झाला असल्याने 'व्याप्त प्रदेश' हा प्रश्नच उरत नाही, असा निर्वाळा दिला. निकाल कायद्याला धरून होता, हे मान्य करूनही जन्मभूमीत परका ठरलेला हा वृद्ध मनुष्य मला विसरता येत नाही.

पोर्तुगीज अमदानीतही कागदावर समता होतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरीसारख्या नव्या काबिजादीतील हिंदूंना १९१० च्या प्रजासत्ताकाने समान हक्क दिले. १९५१ मध्ये तर 'वसाहत' हा शब्दच गेला आणि गोवा पोर्तुगालचा सागरपार प्रांत झाला. परंतु फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशातील एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच असे कोणी म्हणताच आपल्याच व्यवसायातील शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी निषेधाचा एक शब्द उच्चारला. तेवढ्यावर त्यांना अटक होऊन लिस्बनला नेण्यात आले. (मुक्तीनंतर, १९६२ मध्ये, ते लोकसभेचे नियुक्त सदस्य झाले.)

पेडण्याची हद्द जेथे संपते त्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले. त्यांतील कर्नैलसिंग बेनिपाल पंजाबचे होते. गोव्याशी त्यांचा संबंध काय, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. याच हद्दीपलीकडील बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचे रुग्ण आजही बांबोळीची वाट धरतात. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांना तेथे शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गला आंदोलन झाले. गोव्याच्या करदात्याने शेजारच्या राज्याचा भार किती सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. तथापि तो दोन सरकारांनी आपसांत सोडवावा. रुग्णाच्या खाटेपाशी तो काढणे मला वैद्यकधर्माशी विसंगत वाटते.

आपल्या हाती जे आहे ते मात्र साधे आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात आणि आता मोपाच्या विमानतळाभोवती परराज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या घरी जन्मलेल्या मुलाची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी या कामी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य आहे. त्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही, पण त्याच्यावाचून पुढचे दार उघडत नाही. म्हणून प्रसूतिगृहातील फॉर्म परिचारिकेवर सोपवून मोकळे न होता, आईबापांची नावे त्यांच्या ओळखपत्रावरून स्वतः पडताळून मगच सही करावी, ही माझी सहव्यावसायिकांना विनंती आहे.