पाण्याची पारख

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठी माहुल हे गाव वसलेले आहे. गावाच्या आसपास तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले आणि तेथील हवेला उग्र दर्प येऊ लागला. रहिवाशांनी दाद मागितली. तेथील हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असा निर्वाळा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला. हवेतील या दोषाची वर्दी प्रथम नाकाने दिली होती.

पाण्याच्या बाबतीत मात्र नाक, डोळे आणि जीभ पुष्कळदा फसतात. मुंबईच्या नळांना येणारे बहुतेक पाणी ठाणे व नाशिक जिल्ह्यांतील तलावांतून येते. कोठल्याही तलावाचे वा नदीचे पाणी असेच दूरवरून वाहत येते. वाटेत शेते असली, तर पिकांवर फवारलेल्या तणनाशकाचा अंश पावसाबरोबर त्यात उतरू शकतो. मका व ऊस यांच्या शेतांत वापरले जाणारे अॅट्राझीन हे असेच एक तणनाशक आहे. त्याचा अंश असलेले पाणीही स्फटिकासारखे निर्मळ दिसते. पाणी उकळल्याने जंतू मरतात. अॅट्राझीन मात्र तसेच राहते. ते प्रयोगशाळेतच सापडते आणि क्रियाशील कोळशाच्या थरातून गाळून कमी करता येते.

मग असा अंश किती असला तर चालेल? भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पाण्यात अॅट्राझीन २ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. १०,००० लिटरांचा एक टँकर धरला, तर १ ग्रॅम अॅट्राझीन ५० टँकर पाण्यात मिसळल्यावर ही मर्यादा गाठली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे त्याच एका ग्रॅमला १ टँकर पाणी पुरते; युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे १,००० टँकर लागतात!

एकाच पदार्थाच्या मर्यादा इतक्या निराळ्या कशा? ज्या मात्रेने प्राण्यांना अपाय होत नाही, तिचा शंभरावा भाग आरोग्य संघटनेने सुरक्षित मानला. माणूस ते पाणी जन्मभर रोज पिणार, हेही तिने हिशेबात धरले. युरोपने निराळे तत्त्व स्वीकारले : पिण्याच्या पाण्यात अशी औषधे मुळी असूच नयेत.

म्हणून पाण्यात अंश सापडला एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. आणि पाणी निर्मळ दिसते एवढ्यावरून निर्धास्तही राहू नये. किती सापडले, मर्यादा कोणती आणि ती कशावरून ठरली, हे तीन प्रश्न प्रत्येक नागरिकाने विचारले पाहिजेत. माहुलच्या रहिवाशांनी हवेबद्दल विचारले, तसेच.

स्वाध्याय
१. पाण्याची पारख केवळ डोळ्यांनी का करता येत नाही?
२. भातशेतीतील ब्यूटाक्लोर या तणनाशकाची भारतीय मर्यादा एका लिटरला १२५ मायक्रोग्रॅम आहे. १ ग्रॅम ब्यूटाक्लोर किती लिटर पाण्यात मिसळल्यावर ही मर्यादा गाठली जाईल?