नायट्रेट : पिकाचे अन्न, उद्योगाचे साधन, रुग्णाचे औषध

जुन्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीवर पावसाळा सरल्यावर पांढरट, खारट थर दिसू लागतो. भिंतीला लोणा लागला असे म्हणून घरधनी तो झाडून टाकतो. या थरात पुष्कळदा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि त्याच्या जातीचे इतर क्षार असतात. जनावरांच्या मलमूत्रातील नत्राचे मातीतील सूक्ष्म जंतूंनी नायट्रेटात रूपांतर केलेले असते. बिहारमधील नोनिया समाज अशीच माती गोळा करून पाण्यात भिजवी व ते पाणी आटवून सोरा काढी. सतराव्या व अठराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हा सोरा युरोपात नेत असत. कारण बंदुकीच्या दारूत चार भागांपैकी सुमारे तीन भाग सोराच लागे.

नत्राचा एक अणू आणि प्राणवायूचे तीन अणू यांच्या संयोगातून नायट्रेट घडते. त्याचे दोन गुणधर्म ध्यानात ठेवले म्हणजे त्याचे बहुतेक उपयोग आणि अपाय यांचा उलगडा होतो. पहिला, नायट्रेट क्षार पाण्यात सहज विरघळतात. दुसरा, तापवले असता ते आपल्यातील प्राणवायू मोकळा करतात.

शेतीतील स्थान

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही पिकाला तो हवेतून घेता येत नाही. अळसांदे, उडीद यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू तो पकडून देतात. इतर पिकांना तो जमिनीतून, मुख्यत्वे नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपाने मिळतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शेतांना चिली देशाच्या वाळवंटातील सोडियम नायट्रेटचा आधार होता. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला आणि १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. आजची रासायनिक खते या शोधाची फळे होत.

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो. जमिनीत त्याचे प्रथम अमोनियम व नंतर नायट्रेट बनते. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर खाली निघून जाते. गोव्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात, जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीवर हा तोटा विशेष संभवतो. म्हणूनच सरद शेतीत सर्व युरिया एकदम न देता लावणीच्या वेळी, फुटवे येताना आणि लोंबी धरण्याच्या सुमारास असा विभागून द्यावा. मुसळधार पावसाची चिन्हे असताना तो टाकू नये. तुंबलेल्या पाण्याखाली नायट्रेटचे पुन्हा वायूत रूपांतर होऊन ते हवेत जाते. यास्तव भातखाचरात नायट्रेटयुक्त खतापेक्षा युरिया अथवा अमोनियम सल्फेट श्रेयस्कर. २०१५ पासून देशात युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले, त्याचा हेतूही नायट्रेट बनण्याची क्रिया संथ करणे हाच आहे.

नत्र अधिक झाले म्हणजे पीक गर्द हिरवे दिसते. परंतु ते लोळते, तुडतुड्यांना बळी पडते आणि दाणा कमी भरतो. बेसुमार खत दिलेल्या चाऱ्यात साचलेल्या नायट्रेटमुळे जनावरांना विषबाधाही होऊ शकते.

उद्योगधंद्यांत

प्राणवायू मोकळा करण्याच्या गुणामुळे सोरा फटाक्यांत व दारूकामात वापरला जातो. अमोनियम नायट्रेटमध्ये सुमारे सहा टक्के डिझेल मिसळून खाणींत खडक फोडण्याचे स्फोटक तयार करतात. या क्षाराच्या साठवणुकीत हयगय झाली तर काय घडते, हे ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात दिसून आले. तेथे वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सुमारे २,७५० टन साठ्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली. भारतात २०१२ च्या नियमांनुसार अमोनियम नायट्रेटची साठवण व विक्री परवान्याखालीच करता येते. याउलट, सोडियम व पोटॅशियम नायट्रेटचे वितळलेले मिश्रण काही सौर विद्युत केंद्रांत दिवसाची उष्णता रात्रीसाठी साठवून ठेवते.

वैद्यकात

नायट्रोग्लिसरीन हे १८४७ साली इटालियन रसायनज्ञ सोब्रेरो यांनी तयार केलेले जहाल स्फोटक. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये त्यापासून डायनामाइट बनविले. लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये त्याच्या अत्यल्प मात्रेने हृदयशूळ शमतो असे दाखविले. पुढे हृदयविकार जडल्यावर खुद्द नोबेल यांनाही डॉक्टरांनी हेच औषध सुचविले. शरीरात या औषधापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो व रक्तवाहिन्या सैल होतात. या वायूच्या कार्याचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक लाभले. जिभेखाली ठेवावयाच्या गोळ्या याच वर्गातील होत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. त्यांनी रक्तदाब एकाएकी उतरू शकतो.

विहिरीचे पाणी

जो गुण पिकाला पोसतो, तोच विहिरीला बाधतो. शेतातील अतिरिक्त खत, उकिरडा, गोठा आणि शौचालयाचा शोषखड्डा यांतील नायट्रेट झिरपत भूजलाला मिळते. त्याला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. सहा महिन्यांच्या आतील बालकाला याचा धोका सर्वांत अधिक. असे पाणी घालून केलेले पावडरचे दूध पाजल्यास बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व ओठ, नखे निळसर पडतात. अशा बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटी किंवा ब्लीचिंग पावडर यांनीही ते निघत नाही. तान्ह्या बाळाला अंगावर पाजणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. मातेच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही.

ग्रामपंचायतींनी सार्वजनिक विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर शासकीय प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. शोषखड्डा व उकिरडा विहिरीच्या चढाच्या बाजूस नसावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील विहिरी, गोठे व शोषखड्डे दाखविणारा नकाशा काढून घेतल्यास धोक्याची ठिकाणे सहज ध्यानात येतील. शेतकऱ्यांनी माती तपासून, शिफारशीइतकेच खत योग्य वेळी द्यावे. त्यात गोणीचे पैसे वाचतात, आणि घरच्या विहिरीत नायट्रेट झिरपण्याचा धोकाही कमी होतो.