विन्स्लो होमरची काष्ठकोरीव चित्रे : ग्रामीण बालपणाची मुद्रित संहिता

विन्स्लो होमर (१८३६–१९१०) या अमेरिकन चित्रकाराचे ‘स्नॅप द व्हिप’ हे काष्ठकोरीव चित्र न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात २० सप्टेंबर १८७३ रोजी प्रसिद्ध झाले. शाळेजवळच्या कुरणात मुले एकमेकांचे हात धरून धावत आहेत. पुढची मुले एकाएकी थबकली की साखळीच्या टोकाची मुले गवतात फेकली जातात, असा हा खेळ. ग्रामीण बालपणाचे निर्व्याज चित्रण म्हणून या चित्राकडे सामान्यतः पाहिले जाते. हे वाचन अपुरे का पडते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम निर्मितिप्रक्रिया लक्षात घेतली पाहिजे. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदाचे लहान तुकडे जोडून ठोकळा तयार होई. रूढ पद्धतीनुसार चित्रकार त्यावरच रेखाटन करी. कोरक पांढरा राहावयाचा भाग कोरून काढी आणि त्यातच मूळ रेखाटन नष्ट होई. मोठा ठोकळा सुटा करून अनेक कोरकांत वाटलाही जाई. असा उठावाचा ठसा खिळ्यांच्या जुळणीबरोबर छापता येत असे. याच विषयावरील १८७२च्या तैलचित्रात शाळेची इमारत तांबडी आहे. ठशात तो रंग काळ्या रेषांच्या दाटीविरळीतून सुचवावा लागतो. म्हणून मुद्रित चित्र ही तैलचित्राची नक्कल नव्हे; ती अनेक हातांनी सिद्ध झालेली स्वतंत्र संहिता होय.

दुसरा मुद्दा संदर्भाचा. याच साप्ताहिकात १५ नोव्हेंबर १८६२ रोजी होमरचे झाडावर दबा धरून बसलेल्या नेमबाज सैनिकाचे चित्र आले होते. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. १८७३मध्ये दहा-अकरा वर्षांची असणारी मुले त्या युद्धकाळात जन्मलेली होती. तेवढ्यावरून तुटणारी साखळी दुभंगलेल्या राष्ट्राचे प्रतीक ठरवणे अतिव्याप्तीचे होईल. परंतु एकाच नियतकालिकाची ही दोन पाने शेजारी ठेवल्यावर ‘निर्व्याज’ हे विशेषण विनाचिकित्सा वापरता येत नाही. फळे वेचणाऱ्या मुलांच्या ‘गॅदरिंग बेरीज’ (११ जुलै १८७४) या चित्रात तर खेळ आणि काम यांमधील सीमारेषाच पुसट होते.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून एवढे ध्यानात घ्यावे : बालपणाचे चित्रण हे बालपणाचे प्रमाणपत्र नसते. ते कोणी, कोणासाठी व कोणत्या साधनाने सिद्ध केले, हे तपासल्यावाचून त्याचा अर्थनिर्णय करू नये.