दोष रक्ताचा की दवाखान्याचा?

मागच्या पौर्णिमेला विहारात पुरुषांच्या लघवीच्या आजारांवर बोलायला सुरुवात केली आणि मागे बसलेले चार-पाच दादा हळूच चपला घालून बाहेर पडले. थांबलेल्यांपैकी एका काकांनी विचारले, "ताई, अमेरिकेत काळ्या माणसांना प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त होतो म्हणे. म्हणजे त्यांच्या रक्तातच दोष का?" प्रश्न आम्हाला लागला. 'यांचे रक्तच तसे' हे आपल्यालाही पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी, फक्त पुरुषांना असते. अमेरिकेत 8 पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधीतरी तिचा कॅन्सर निघतो. काळ्या पुरुषांत 6 मागे एकाला. मृत्यूचे प्रमाण तर गोऱ्यांच्या दुपटीचे. इथेच थांबले तर रक्ताचा दोष वाटेल. पण नकाशा उघडून बघू.

अमेरिकेतल्या बहुतेक काळ्या लोकांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. त्याच पश्चिम आफ्रिकेत या कॅन्सरच्या नोंदी अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी आहेत. तिथे आजारच कमी आहे, असे मात्र लगेच म्हणू नका. जिथे तपासणी नाही तिथे नोंद कशी होणार? माणूस कंबरदुखीने झिजून जातो आणि कागदावर कॅन्सर येतच नाही. उलट कॅरिबियन बेटांवर, तीच वंशावळ असताना, या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असणाऱ्यांत मोडते. खुद्द अमेरिकेतही मिसिसिपी राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ते जास्त, इतर ठिकाणी कमी. रक्त तर राज्याची सीमा ओलांडली म्हणून बदलत नाही.

इंग्लंडचे आकडे आम्हाला सर्वांत बोलके वाटतात. तिथे 4 काळ्या पुरुषांमागे एकाला हा कॅन्सर निघतो आणि 12 मागे एक त्याने दगावतो. गोऱ्यांत 8 मागे एकाला निघतो, 24 मागे एक दगावतो. हिशेब करा: आजार निघाल्यावर दोघांतही तिघांमागे एकच जातो. तिथे सरकारी उपचार सर्वांना मोफत आहेत. अमेरिकेतही माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत, जिथे सर्वांना सारखे उपचार मिळतात, तिथे काळ्या-गोऱ्यांतला मृत्यूचा फरक जवळजवळ उरला नाही.

अनुवंशाचा वाटा नाही असे आम्ही म्हणत नाही. आठव्या गुणसूत्रावरचे काही बदल आफ्रिकी वंशात जास्त आढळतात, आणि वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर कोणाचाही धोका साधारण दुप्पट होतो. पण आजार होणे वेगळे आणि त्याने मरणे वेगळे. मरण्यात विमा, पैसा, दवाखान्याचे अंतर आणि विश्वास येतो. टस्कगी गावात 1932 ते 1972 सरकारी डॉक्टरांनी शेकडो काळ्या पुरुषांचा गुप्तरोग नुसता बघत ठेवला, पेनिसिलीन आल्यावरही दिले नाही. अशा लोकांनी डॉक्टरवर भरवसा ठेवायचा कसा?

अमेरिकेला हे सगळे कळते, कारण तिथे कॅन्सरच्या नोंदीत वंश लिहितात. आपल्याकडच्या नोंदवह्यांच्या अहवालांत जातीचा रकाना नसतो. वस्तीतली माणसे उशिरा पोचतात हे आम्ही वॉर्डात डोळ्यांनी पाहिले. आकड्याने दाखवा म्हटले तर हात रिकामे.

आता घरातले. रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे, लघवी अडणे हे पन्नाशीनंतर बहुधा ग्रंथी नुसती वाढल्याने होते; तो कॅन्सर नव्हे. पण लघवीत रक्त दिसले, किंवा उतारवयात कंबरेची, मांडीची हाडे सतत दुखू लागली आणि वजन उतरले, तर मलम चोळत बसू नका. मोठ्या सरकारी दवाखान्यात मूत्रविकाराच्या ओपीडीत दाखवा. सुरुवातीला या कॅन्सरचे काहीच लक्षण नसते. म्हणून वडील-भावाला झालेला असेल तर त्रास नसतानाही डॉक्टरांना पीएसए या रक्ततपासणीबद्दल विचारा. हा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असे नाही; सूज किंवा जंतुसंसर्गानेही वाढतो. रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेले एक काका आम्हाला आठवतात. त्यांना नुसता संसर्ग होता, औषधाने आकडा खाली आला.

आणि मायबहिणींनो, रात्री कोण किती वेळा उठते हे तुम्हालाच आधी कळते. तो लाजेने सांगणार नाही. केसपेपर काढायला तुम्हीच सोबत जा.