चौथ्या श्रेणीतला क्लब आणि गल्ल्यातला पैसा

धंद्याच्या पानावर फुटबॉल कशाला, असे कोणी विचारील. पण इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड सिटी क्लबचा २०१२-१३ चा हंगाम आम्ही जमाखर्चाच्या नजरेने पाहतो. ब्रॅडफर्ड हे एके काळी लोकरीच्या गिरण्यांचे शहर. गिरणीकामासाठी आलेल्या पाकिस्तानी कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे. क्लबचे व्हॅली परेड मैदान त्याच मॅनिंगहॅम भागात आहे.

१९९९ मध्ये क्लब सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचला. आता येथे टिकणारच, या हिशेबाने २००० च्या उन्हाळ्यात महागडे खेळाडू घेतले. बेनितो कार्बोने या एकट्या खेळाडूचा पगार आठवड्याला ४०,००० पौंड असल्याचे छापून आले होते. पुढच्याच वर्षी क्लब घसरला. टीव्हीचा पैसा आटला, पगाराचे करार मात्र तसेच राहिले. २००२ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये कारभार प्रशासकांच्या हाती गेला. मधल्या काळात, २००३ मध्ये, मैदान विकले गेले. स्वतःच्या जागेत भाडेकरू होणे म्हणजे काय, हे दुकानदार बंधूंना वेगळे सांगायला नको. कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहची पनाह मागण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिली, ती उगीच नव्हे.

२००७ मध्ये क्लब चौथ्या श्रेणीत उतरला. तेव्हा पूर्ण हंगामाचे तिकीट १३८ पौंडांवर आणले आणि बारा हजारांहून अधिक तिकिटे खपली. आम्हाला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. भाव कमी, पण पैसा हंगामाआधीच गल्ल्यात, आणि किती आला तेही नक्की. टीव्हीचा पैसा जिंकण्याच्या आशेवर होता. हा मोजून घेतलेला. अर्थात लगेच चमत्कार झाला नाही. २०११-१२ मध्ये चोवीस संघांत क्लब अठरावा होता.

पुढच्या हंगामात प्रशिक्षक फिल पार्किन्सन यांच्या संघाने लीग कपमध्ये विगन, आर्सेनल आणि अ‍ॅस्टन व्हिला हे वरच्या श्रेणीतले तीन संघ बाद केले. आर्सेनलला हरवणाऱ्या अकरा जणांची एकूण खरेदी किंमत होती ७,५०० पौंड, तीही एकट्या जेम्स हॅन्सनची. हा गडी पूर्वी दुकानात फळ्यांवर माल लावीत असे.

अंतिम सामना स्वान्सीकडून ०-५ असा गमावला. कपचा पैसा ही वरकमाई. खरे काम लीगचे होते. तेथे सातवे येऊन क्लब बढतीच्या सामन्यांत शिरला आणि १८ मे २०१३ रोजी त्याच वेम्बलीवर नॉर्थॅम्प्टनला ३-० हरवून तिसऱ्या श्रेणीत गेला. पहिला गोल हॅन्सनचा होता.