मुलांबरोबर खेळायला तुम्हाला वेळ आहे का?

जबलपूर शहराच्या कडेला खमरिया नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे दारूगोळ्याची आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्याभोवती कामगारांची क्वार्टर्स वसली. जबलपूर व नागपूर १९५६ सालापर्यंत एकाच प्रांतात होते. त्यामुळे या भागाला मराठी माणूस नवखा नाही.

अशा वसाहतीतील एक मराठी ख्रिस्ती घर डोळ्यांसमोर आणा. वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलते. आईच्या हातचे काम संपत नाही. मुलगा शाळेत हिंदी व इंग्रजी शिकतो आणि अंगणात सवंगड्यांशी हिंदीतच खेळतो. संध्याकाळी आईवडील थकलेले असतात, म्हणून त्याच्या हाती मोबाइल दिला जातो. घर शांत होते. मग एके दिवशी गावाकडून आजीचे पत्र येते आणि नातवाला ते वाचता येत नाही. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तो केवळ शेवटचे “आमेन” म्हणतो. मधले शब्द त्याला परके झालेले असतात.

या घरात कोणी काही वाईट केलेले नाही. आईवडिलांनी मुलाला अन्नवस्त्र दिले, शाळा दिली. केवळ आपला वेळ द्यायचा राहून गेला. तुमचे घर पुण्यात असो, अहमदाबादेत असो की खमरियात, हीच गोष्ट तुमच्याही बाबतीत घडत नाही ना?

देवाने सांगितलेली वेळ

अनुवाद ६:६, ७ ही वचने काढून वाचा. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर केव्हा बिंबवाव्यात, याविषयी तेथे चार प्रसंग सांगितले आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यांपैकी एकही प्रसंग खास सणाचा किंवा सभेचा नाही. हे सर्व रोजच्या जगण्यातले क्षण आहेत. म्हणजे ज्या आईबापांना मोकळा दिवस मिळत नाही, त्यांच्याजवळही हे चार क्षण असतातच.

आणि खेळाचे काय? मत्तय ११:१६, १७ मध्ये प्रभू येशू बाजारात बसलेल्या मुलांचा दाखला देतो. ती मुले पावा वाजवून सवंगड्यांना नाचायला बोलावतात, मग विलाप करून त्यांना रडायला सांगतात. पण सवंगडी रुसलेलेच राहतात. मुलांचा खेळ प्रभूच्या नजरेतून सुटला नव्हता. मग आपण त्याला क्षुल्लक का समजावे?

घरात करता येण्याजोगे पाच उपक्रम

पुढील उपक्रमांसाठी बाजारातून महागडे काही आणावे लागत नाही.

*१. चिंचोक्यांचा खेळ.* जमिनीवर खडूने पाच ओळींत पाच-पाच, अशी पंचवीस घरे आखा. चारही बाजूंची मधली घरे आणि पटाच्या मध्यावरचे घर यांवर फुली मारा. चार चिंचोके एका बाजूने फरशीवर घासले की ती बाजू पांढरी होते; हेच तुमचे फासे. जितके पांढरे वर, तितकी घरे पुढे जावे. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा आणखी एक डाव. प्रत्येकाने आपल्या बाजूच्या फुलीपासून निघून बाहेरच्या घरांना फेरा घालावा, मग आतल्या घरांत शिरून मध्यावर पोहोचावे. फुलीवर बसलेली सोंगटी मारता येत नाही. या खेळाला कोठे अष्टाचंगा, तर कोठे चल्लस-आठ म्हणतात; नियमही गावागणिक थोडे बदलतात. आजोबांच्या गावचा नियम कोणता, हे त्यांनाच विचारा. घरे मराठीत मोजण्याचा नेम ठेवला, तर मूल अंक शिकते आणि आपण शिकत आहोत हे त्याला कळतही नाही.

*२. चुकलेली गोष्ट.* निजण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील एक गोष्ट सांगा, पण मध्ये मुद्दाम चुका करा. “दाविदाने ओढ्यातून सात गोटे उचलले,” असे तुम्ही म्हणालात की मुलाने ओरडून सांगावे, “सात नाही, पाच!” शंका आली तर १ शमुवेल १७:४० काढून त्यालाच शोधू द्या. जे मूल वडिलांची चूक पकडण्यासाठी कान टवकारून बसते, ते गोष्ट सहसा विसरत नाही.

*३. मोहरीचा दाणा.* स्वयंपाकघरातील मोहरीचे काही दाणे मुलाच्या तळहातावर ठेवा. मग एका जुन्या डब्याला तळाशी भोक पाडून त्यात माती भरा, दाणे वरवर पेरा आणि रोज थोडे पाणी घाला. बहुधा तीन-चार दिवसांत अंकुर दिसू लागतात. रोप किती वाढले, हे मुलाने दररोज काडीने मोजून वहीत लिहावे. त्याच आठवड्यात मत्तय १३:३१, ३२ वाचा. तळहातावरचा दाणा पाहिलेल्या मुलाला तो दाखला फार समजावून सांगावा लागणार नाही.

*४. शंकरपाळे.* नाताळच्या फराळाची वाट कशाला पाहावी? एक वाटी दूध, एक वाटी साखर व एक वाटी तूप एकत्र गरम करून साखर विरघळू द्या. मिश्रण निवल्यावर त्यात मावेल तितका मैदा घालून घट्ट भिजवा. मोजण्याचे आणि कातण्याने कापण्याचे काम मुलांना द्या. तळण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. वाकडेतिकडे तुकडे पडले तरी रागावू नका. त्यांतला एक वाटा शेजारच्या घरी मुलाच्याच हाती पाठवा. देण्यातला आनंद त्याला तेथे कळेल.

*५. आजीला पत्र.* दर रविवारी उपासनेनंतर एक पोस्टकार्ड घ्या. पहिल्या आठवड्यात मजकूर मुलाने सांगावा, तुम्ही लिहावा, आणि खाली त्याने देवनागरीत केवळ आपले नाव लिहावे. पुढील आठवड्यात एक ओळ, त्यानंतर दोन. उत्तर येईल, तेव्हा ते वाचण्याचा पहिला मान त्यालाच द्या.

घरात शिकलेली अक्षरे

इतक्या लहान गोष्टींनी काय साधणार, असे कोणाला वाटेल. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आठवा. त्या शाळेत शिकल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांना घरातच झाली. पुढे त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. अहमदनगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे घरच्या मुलासारखे राहिले होते. श्रीमंती त्या घरात नव्हती. परंतु माणसांना एकमेकांसाठी वेळ होता.

तीमथ्याचा विश्वासही असाच घरातून आला. आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे पौल आवर्जून घेतो (२ तीमथ्य १:५).

दोन गोष्टी टाळा

खेळाची परीक्षा करू नका. मूल चुकले की टोकणे, शेजारच्या मुलाशी तुलना करणे, यांमुळे ते पुन्हा तुमच्याजवळ येऊन बसणार नाही. तसेच प्रत्येक खेळाच्या शेवटी प्रवचन करू नका. बी पेरल्यावर माती उकरून पाहायची नसते.

वेळ मात्र ठरवून ठेवा. दिवसपाळी असेल तर जेवणानंतर, रात्रपाळी असेल तर मूल शाळेतून आल्यावर, पंधरा मिनिटे पुरेत. त्या पंधरा मिनिटांत तुमचा मोबाइलही दूर असू द्या. मुलाला सांगायचे आणि आपण मात्र पाहत बसायचे, हे त्याला लगेच कळते.

क्वार्टर एक दिवस सोडावे लागते. बदली होते, निवृत्ती येते, मुले मोठी होऊन दूर जातात. त्यांच्याबरोबर सामानात काय जाईल हे सांगता येत नाही. पण आईबापांच्या मांडीला मांडी लावून शिकलेले शब्द, आणि त्या शब्दांत केलेली प्रार्थना, त्यांच्याबरोबर जाईल.

कुटुंबाने मिळून विचार करावा

१. अनुवाद ६:७ मधील चार प्रसंगांपैकी कोणता प्रसंग आपल्या घरात वाया जातो?

२. आजीआजोबांकडून शिकावा असा कोणता खेळ किंवा पदार्थ आहे?

३. या आठवड्यातील आपली पंधरा मिनिटे कोणती? ती मुलांनाच ठरवू द्या.