काचेआडचे शेजारी

उष्ण प्रदेशांतील उथळ व नितळ समुद्राच्या तळाशी प्रवाळांच्या वसाहती असतात. पाहणाऱ्याला त्या दगडी झाडांसारख्या वाटतात. परंतु त्या झाडेही नव्हेत आणि नुसते दगडही नव्हेत. असंख्य चिमुकल्या जीवांनी आपल्याभोवती चुन्याची घरे रचून उभारलेली ती गावेच होत. या गावांच्या कपारींत नाना रंगांचे मासे नांदतात. आपल्याकडे मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही प्रवाळ आढळतात.

समुद्रातील ही शोभा घरात आणून पाहावी, असे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. १८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. लंडनपासून समुद्र दूर. पाणी वारंवार बदलणे कठीण. तेव्हा त्यांची सेविका तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कितीतरी वेळ ओतीत बसे. त्यामुळे हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळे व प्रवाळ जगत. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि समुद्रातील मासे काचेआडून जवळून पाहण्याची संधी असंख्य मुलांना मिळाली.

आज अनेक हौशी माणसे घरीच लहानसे खारे मत्स्यालय ठेवतात. समजा, काचेची एक टाकी ७५ सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. तीत सुमारे १०५ लिटर पाणी मावेल; वाळू आणि खडक घातल्यावर त्याहूनही कमी. अफाट सागराच्या मानाने हे पाणी म्हणजे एक थेंबच! समुद्रात एखादा मासा मेला, तर पाण्याला त्याची जाणीवही होत नाही. टाकीत मात्र एका माशाच्या मरणाने सगळे पाणी दूषित होते आणि त्याच्या शेजाऱ्यांचेही प्राण संकटात येतात. म्हणून लहान टाकीत मासे सोडणारा मनुष्य फार मोठी जबाबदारी स्वीकारीत असतो.

टाकी भरली आणि लगेच मासे सोडले, असे करून चालत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढेच क्षार टाकीतही असावे लागतात. टाकीतील पाण्याची वाफ होते, तेव्हा पाणी उडून जाते. पण मीठ मागेच राहते. मिठागरात मीठ पिकते ते याच नियमाने. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालावी लागते. खारे पाणी ओतले, तर खारटपणा दिवसेंदिवस वाढत जाईल.

दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. खडकांवर आणि वाळूत वाढणारे सूक्ष्म जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर त्या मानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे अदृश्य सफाई कामगार टाकीत पुरेशा संख्येने वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर ज्याला धरवत नाही, त्याचे मासे काही दिवसांतच दगावतात.

पाणी सिद्ध झाले, की खरा प्रश्न पुढे येतो : या घरात कोणाकोणाला आणावे? दुकानात नाना रंगांचे मासे पोहत असतात. एक निळा, एक पिवळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, असे निवडावेत असा मोह होतो. परंतु रंग पाहून शेजारी निवडता येत नाही. शहाणा मनुष्य प्रत्येक माशाविषयी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : हा मासा किती मोठा होईल? दुकानात बोटभर दिसणारा निळा सर्जनमासा वाढून सुमारे ३० सेंटिमीटरचा होतो. प्रवाळांच्या रांगांतून दूरवर पोहत जाणे हा त्याचा स्वभाव. ७५ सेंटिमीटरच्या टाकीत तो शेपटीचे दोनचार फटकारे मारतो, तोच समोर काच येते. असे जिणे म्हणजे त्याला जन्मठेपच होय.

दुसरा प्रश्न : हा काय खाईल? फुलपाखरू मासे अतिशय देखणे असतात. परंतु त्यांच्यातील अनेक जातींचे अन्न म्हणजे प्रवाळाचे जीवच. त्यांना प्रवाळांच्या टाकीत सोडणे म्हणजे बागेत बकरी सोडण्यासारखे आहे. पंखांचे डौलदार तुरे मिरवणारा सिंहमासा प्रवाळांना त्रास देत नाही. पण तोंडात मावेल त्या लहान माशाला तो गिळतो. याउलट मँडरिन मासा कोणाच्याही वाटेस जात नाही. खडकांवरचे अगदी बारीक जीव दिवसभर टिपीत तो फिरत असतो. मात्र लहान टाकीतील असे जीव लवकरच संपतात. मग बहुधा दुसरे अन्न समोर असूनही तो ते खात नाही आणि हळूहळू उपासमारीने मरतो. क्रूर मासा दुसऱ्याचा जीव घेतो, तर गरीब मासा आपला जीव गमावतो. दोन्ही ठिकाणी दोष निवडणाऱ्याचाच.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हा कोणत्या जागेवर आपला हक्क सांगेल? डॅमसेल नावाचे लहान मासे स्वस्त व काटक असल्यामुळे नवशिका मनुष्य प्रथम त्यांनाच आणतो. परंतु त्यांच्यातील काही जाती समुद्रात शेवाळाची चक्क शेती राखतात. माळ्यावर बसलेला राखणदार पाखरे हाकलतो, त्याप्रमाणे हे मासे आपल्याहून कितीतरी मोठ्या माशांनाही आपल्या शेतातून पिटाळून लावतात. समुद्रात पळून जाणाऱ्याला वाट मोकळी असते. हाकललेला मासा हातभर दूर गेला, की भांडण मिटते. टाकीत पळून जायचे कोठे? चारी बाजूंना काच! मग पाठलाग थांबत नाही. नव्याने आलेल्या माशाचे पंख फाटतात, तो कोपऱ्यात दडून राहतो, अन्नाला तोंड लावीत नाही आणि एक दिवस तरंगताना दिसतो. डॅमसेलला दुष्ट म्हणणे मात्र योग्य नव्हे. तो आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतो; त्याला योग्य जागा मिळालेली नसते, इतकेच.

तर मग या लहानशा टाकीत कोणी राहावे? जुन्या वाड्यात वेगवेगळी बिऱ्हाडे असत. कोणी माडीवर, कोणी ओसरीलगत, कोणी मागील दारी. ज्याचा त्याचा उंबरठा वेगळा असला, की भांडणाचे कारण कमी होते. टाकीतही तसेच करावे.

तळाच्या वाळूत पिवळ्या रंगाचा गोबी मासा व त्याची सोबतीण कोळंबी राहू शकते. यांची मैत्री ऐकण्यासारखी आहे. ही कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते, की पिस्तुलासारखा आवाज होतो. म्हणून तिला पिस्तुल कोळंबी म्हणतात. ती वाळूत बीळ खणते, पण तिची दृष्टी अधू असते. गोबीची नजर तीक्ष्ण, पण त्याला तसले बीळ खणता येत नाही. म्हणून दोघे एकाच बिळात राहतात. कोळंबी वाळू उपसते आणि गोबी दाराशी पहारा देतो. काम करताना कोळंबी आपली लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. संकट दिसताच गोबी शेपटी थरथरवतो आणि क्षणात दोघेही बिळात दिसेनासे होतात. एकाचे डोळे, दुसरीचे श्रम. त्यावर दोघांचा संसार चालतो.

मधल्या पाण्यात एक फायरफिश असावा. त्याच्या अंगाचा मागील भाग ज्वाळेसारखा तांबडा असतो. परंतु स्वभाव अतिशय भित्रा. घाबरला, की तो पाण्याबाहेर उडी मारतो. म्हणून टाकीवर जाळी अवश्य हवी. याच्या जातीचे दोन मासे लहान जागेत बहुधा एकमेकांशी भांडतात, यासाठी तो एकटाच ठेवावा.

तिसरे बिऱ्हाड विदूषक माशांच्या जोडीचे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले हे मासे समुद्रात समुद्रफुलांच्या डंख करणाऱ्या भुजांमध्ये निर्भयपणे राहतात. टाकीत ते समुद्रफुलावाचूनही सुखाने जगतात व एखादा कोपरा आपला मानून तेथेच घुटमळत राहतात. त्यांच्यात सर्वांत मोठा मासा मादी असतो. मादी मेली, तर तिचा जोडीदार नरच पुढे मादी बनतो. चांगली निगा राखल्यास हे मासे वीस वर्षांहूनही अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. ज्याला दोन आठवड्यांत कंटाळा येतो, त्याने त्यांना घरी आणूच नये.

चार मासे आणि एक कोळंबी झाली. आता घर भरले! यापुढे कितीही सुंदर मासा दिसला, तरी नाही म्हणता आले पाहिजे.

मासे सोडण्याचाही एक क्रम असतो. जो सर्वांत भित्रा, त्याला सर्वांत आधी सोडावे. म्हणजे लपण्याच्या जागा त्याला निवांतपणे शोधता येतात. त्याप्रमाणे प्रथम फायरफिश, मग गोबी व कोळंबी आणि शेवटी विदूषक माशांची जोडी. दोन पाहुण्यांच्या मध्ये दोनतीन आठवड्यांचे अंतर ठेवावे, म्हणजे जिवाणूंनाही वाढलेले काम पेलते. प्रत्येक नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी. कारण माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध लागते आणि तेच औषध कोळंबी व प्रवाळ यांना मारक ठरते.

या छंदाला आणखी एक मर्यादा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत; ते समुद्रातून काढणे हा गुन्हा होय. विदूषक माशांची पैदास आता बंदिस्त पाण्यात करता येते. अशा ठिकाणी जन्मलेला मासा घेतला, तर समुद्राचे काही उणे होत नाही. तसेच नकोसा झालेला मासा कधीही समुद्रात सोडू नये. हिंदी व प्रशांत महासागरांतला सिंहमासा १९८५ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम आढळला. तो मत्स्यालयांतूनच तेथे पोहोचला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आज त्या समुद्रातील लहान माशांचा तो मोठा शत्रू झाला आहे.

टाकीतील मासे आपले शेजारी स्वतः निवडू शकत नाहीत आणि शेजार वाईट निघाला, तर घर सोडूनही जाऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने ती निवड माणूस करतो. ज्याने आधी त्यांचा स्वभाव जाणून घेतला, मोह आवरला आणि वाट पाहिली, त्याच्याच टाकीत कोळंबी निश्चिंतपणे वाळू उपसते, गोबी दाराशी पहारा देतो आणि काचेआडचे ते लहानसे गाव सुखाने नांदते.

स्वाध्याय

१. अ‍ॅना थिन यांची सेविका पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात का ओतीत असे?
२. आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने का घालावी लागते?
३. ‘डॅमसेलला दुष्ट म्हणणे योग्य नव्हे.’ असे लेखात का म्हटले आहे?
४. गोबी व पिस्तुल कोळंबी एकमेकांना कशी मदत करतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. भित्र्या माशाला सर्वांत आधी का सोडावे?
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : वाटेस जाणे, मोह आवरणे, पिटाळून लावणे.